हळू

गाडीत बसल्यावर पहिली दहा मिनिटं ती काहीच बोलली नाही. स्पाइक्स काढून तिनं दोन्ही पाय डॅशबोर्डवर टेकवले होते. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पिवळट धूळ चिकटलेली, आणि मोजे होते तेवढाच भाग स्वच्छ, जणू कुणी पट्टी लावून रेघ मारली असावी. संत्र्याची फोड चोखता चोखता तिनं सहज विचारलं, "बाबा, तू टेकडीवर मला 'हळू' म्हणालास का?" मी आरशात बघत म्हणालो, "नाही गं. 'चल' म्हणालो. चल, चल, असं." ती "ओके" म्हणाली, साल कागदाच्या रुमालात गुंडाळली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मी 'हळू'च म्हणालो होतो.

खोटं तसं लहान होतं. मुलांशी बोलताना याहून मोठी खोटी आपण दिवसाला चार बोलतो आणि विसरतो. हे मात्र तीन दिवस दातात अडकलेल्या सुपारीसारखं टोचत राहिलं. कारण प्रश्न विचारताना ती चिडलेली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

शर्यत होती माउंट सॅकची. पूर्ण नाव माउंट सॅन अँटोनियो कॉलेज, गाव वॉलनट, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हायस्कुलात क्रॉसकंट्री, म्हणजे ट्रॅक सोडून माळावरून-टेकड्यांवरून, पळणाऱ्या पोरांसाठी हे नाव म्हणजे आळंदी-पंढरपूरच. 1948 पासून इथे शर्यती होताहेत. ऑक्टोबरात दोन दिवस, सकाळपासून एकामागोमाग एक शर्यती सुटत राहतात. एका शर्यतीतल्या शेवटच्या मुली धापा टाकत आत येतात तोवर पुढच्यांची गन वाजलेली असते. मैदानभर शाळाशाळांचे तंबू, त्यांत सतरंज्या, बेगल्स, केळी, आणि एकामागे एक रांगेत बसून एकमेकींच्या वेण्या घालणाऱ्या मुली. फिरत्या संडासांपुढची रांग बघितली की आपल्याकडच्या जत्रेची आठवण येते. उत्तरेला हवा स्वच्छ असेल तर तो माउंट सॅन अँटोनियो दिसतो, ज्याचं नाव कॉलेजला दिलंय. लोक त्याला नुसतं बाल्डी म्हणतात, म्हणजे टकल्या. उंची 10,064 फूट, आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. त्याच्याकडे बघितलं की खालच्या टेकड्या किरकोळ वाटतात. पळणाऱ्याला तसं वाटत नाही, हे मला आता ठाऊक आहे.

अंतर तीन मैलांना जेमतेम कमी. पहिला मैल सपाट, खालच्या खोलगट मैदानातून, आणि हा सपाट मैलच घात करतो. पोरं तिथे उधळतात. मग स्विचबॅक्स, म्हणजे आपल्या घाटासारखी नागमोडी वाट, पण कच्च्या मातीची. ती उतरून श्वास जागेवर येतोय न येतोय तोच पूप आउट हिल. नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भलताच अर्थ वाटला होता आणि पालकांच्या मीटिंगमध्ये मी एकटाच हसलो होतो. अर्थ साधा आहे, दमून गळाठणे. चढ लांब नाही, पण भिंतीसारखा अंगावर येतो. आणि तो संपला की शेवटी रेझरवॉयर हिल, मग खाली उतार, मग फिनिश. इथली वेळ दुसऱ्या कुठल्याच शर्यतीच्या वेळेशी कुणी ताडून बघत नाही. माउंट सॅकची वेळ फक्त माउंट सॅकशीच लावायची, गेल्या वर्षीच्या स्वतःशी किंवा दहा वर्षांपूर्वी इथेच पळालेल्या कुणाशी.

मी पूप आउटच्या वरच्या टप्प्यात उभा होतो. जागा मुद्दाम निवडली होती, म्हणजे तिथून धावत खाली जाऊन फिनिशला पण पोचता येतं. (पालकांची ही वेगळीच क्रॉसकंट्री असते. हातात पाण्याची बाटली, गळ्यात कॅमेरा, पोटाचा घेर सांभाळत आडवाटेनं पळणारी पन्नाशीतली माणसं. आमच्यातही चुरस असते, फक्त निकाल लागत नाही.) वाळवंटाकडून येणारा कोरडा वारा सुटला होता. गवत पार वाळून सोनेरी झालेलं. दोन्ही बाजूंना माणसं दाटलेली, गाईंच्या गळ्यातल्या असतात तशा मोठ्या घंटा वाजवणारी, आणि सगळीकडून एकच कल्लोळ: हात हलवा, मान वर, छान चाललंय, आता सोडू नका. आधी ऐकू आली ती धूळ. चुकून लिहिलं नाही. शंभरेक पायांखाली कोरडी माती चुरडल्याचा एक आवाज असतो, चुलीवर पोहे भाजताना येतो तसा, आणि तो मुली दिसायच्या आधी वर येतो.

मग ती दिसली. ओठ पांढरे, कोपरं बाहेर फेकलेली, मान एका बाजूला. तिच्या आईच्या पोटातून बाहेर आली तेव्हा जसा चेहरा होता अगदी तसा, सगळ्या जगावर रागावलेला. माझ्या बाजूची एक आई घंटा वाजवत आपल्या पोरीला म्हणत होती, "खा तिला, खा ती टेकडी!" आणि माझ्या तोंडून, कुठलाही विचार न करता, पोटातून शब्द आला: "हळू! हळू गं!"

तिनं वर बघितलं. एवढ्या गोंगाटात एकच मराठी शब्द, तो तिला ऐकू जाणारच होता. वर बघितल्यावर तिचं पाऊल चुकलं नाही, ती थांबलीही नाही. पण काहीतरी सैल झालं, एखादं पाऊल लहान पडलं असेल, आणि तेवढ्यात डाव्या बाजूनं दोघी तिच्या पुढे गेल्या. एक हिरव्या बनियनमधली, एक जांभळ्या.

आता हे दोघींचं प्रकरण का छळतं ते कळायला क्रॉसकंट्रीचा हिशेब कळायला हवा, आणि तो मला फार आवडतो. प्रत्येक शाळेच्या सात मुली पळतात. त्यातल्या पहिल्या पाचजणी ज्या क्रमांकानं येतात ते आकडे मिळवायचे. ज्यांची बेरीज सगळ्यात कमी त्या जिंकल्या. पहिले पाचही नंबर एकाच शाळेचे आले तर बेरीज 15, त्याहून चांगलं काही होऊच शकत नाही. सहावी आणि सातवीचे आकडे धरत नाहीत, पण त्या दुसऱ्या शाळेच्या पाचवीच्या पुढे घुसल्या तर तिचा आकडा वाढवतात. म्हणजे स्वतः हिशेबात नाहीत, पण दुसऱ्याचा हिशेब बिघडवू शकतात. एकत्र कुटुंबातल्या आत्याबाईंसारखं. पहिल्या मुलीचं नाव पेपरात येतं, पण टीम तरते की बुडते ते पाचवीवर ठरतं. कोच तालमीला सारखं एकच सांगतात, पहिली आणि पाचवी यांच्यातलं अंतर कमी करा. आणि आमची पाचवी म्हणजे माझी लेक.

रात्री तपशीलवार निकाल आला. आमच्या मुली 9, 17, 24, 31 आणि 37. बेरीज 118. आमच्या पुढची, तिसरी आलेली शाळा, 116.

दोन.

मी कागद घेऊन बसलो. बायको म्हणाली, "झोप आता." पण मला चैन नव्हती. हिरवी आणि जांभळी दोघी वेगळ्याच शाळांच्या होत्या, त्या 35 आणि 36 आल्या होत्या. लेक त्यांच्या पुढे राहिली असती तर 35वी. आमची बेरीज 116. बरोबरी. बरोबरी झाली की सहाव्या मुली बघतात. आमची सहावी 44वी, त्यांची 61वी. म्हणजे तिसरा नंबर आमचा. एका शब्दानं. अर्थात, हे असं होत नसतं हे मलाही कळतं. त्या दोघी रेझरवॉयरवर तिला गाठणारच होत्या, किंवा तिनंच नंतर कुणाला तरी गाठलं असेल, पूप आउटवरचं पाऊल आणि फिनिशचा आकडा यांच्या मध्ये अख्खा एक मैल पडलेला आहे. पण रात्री साडेअकराला हिशेब जुळला की माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो. 1984 साली याच लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये पी. टी. उषाचं 400 मीटर अडथळ्यांचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलं. ते स्टेडियम इथून तासाभराच्या आत आहे. आम्ही इथे नवीन आलो तेव्हा मी बायकोला घेऊन मुद्दाम बघायला गेलो होतो, आणि कुठल्याशा गेटच्या जाळीतून आत बघत उभा राहिलो होतो. एक शतांश सेकंद म्हणजे छाती किती पुढे काढायची, हे त्या दिवशी मी तिला हातवारे करून दाखवलं होतं. तिला ते लग्नानंतरचं पहिलं वेड वाटलं.

मी स्वतः पळालोय, ही गोष्ट मी घरी फार सांगत नाही, कारण सांगण्यासारखा निकाल नाही. साताऱ्यात नववीत असताना तालुक्याची शालेय क्रॉसकंट्री. ऑगस्ट महिना, यवतेश्वरच्या रस्त्याला धुकं इतकं की पुढच्याचा पांढरा बनियन तेवढा दिसायचा. पायांत कॅनव्हासचे बूट, ते पहिल्या फर्लांगातच भिजून दोन-दोन किलोचे झालेले. मधे एका वळणावर एक सर छत्री घेऊन उभे असायचे आणि तळहातावर शाईचा शिक्का मारायचे, कुणी मधूनच परत फिरू नये म्हणून. खाली पोचेपर्यंत घाम आणि पाऊस मिळून तो शिक्का जांभळा ओघळ होऊन मनगटावर उतरायचा. मग तळहातावर ग्लुकोजची पावडर आणि लिंबाची फोड. मी एकोणिसावा आलो की एकविसावा, यावर अजून माझा आणि माझ्या मित्राचा वाद आहे. आज त्याच रस्त्यावर हजारो लोक पैसे भरून हिल हाफ मॅरेथॉन पळतात, रंगीबेरंगी बूट घालून, आणि मला गंमत वाटते, कारण आम्ही त्या रस्त्याला पळायला लावल्याबद्दल सरांना शिव्या घालायचो.

आज आठवताना एक गोष्ट ठळक जाणवते. त्या अख्ख्या रस्त्यावर एकाही पोराचे आईवडील नव्हते. माझे नव्हते, कुणाचेच नव्हते. त्यांच्या मनात यायचंही कारण नव्हतं. शनिवारी अण्णांची कचेरी असायची, आणि मुलाचं पळणं बघायला जायचं म्हणजे काय, पळताना बघण्यासारखं काय असतं? घरी आल्यावर आईचे प्रश्न दोनच. पडला नाहीस ना, आणि ओले कपडे आधी काढ. कितवा आलास हे अण्णांनी रात्री जेवताना विचारलं, मी आकडा सांगितला, ते "बरं" म्हणाले आणि आमटी मागितली. मला त्यात वाईट वाटल्याचं आठवत नाही. पण त्यामुळे चढावर उभं राहून आपल्या माणसाला काय ओरडायचं असतं, हे मला कुणी शिकवलंच नाही. माझ्या चढावर कुणी उभंच नव्हतं. इथल्या बायाबाप्यांकडे तयार वाक्यं आहेत, त्यांच्या आईबापांनी त्यांना म्हटलेली. मी ती उसनी घेऊन बघितली आहेत. पहिल्या वर्षी मी "यू गॉट धिस!" असं ओरडलो होतो आणि ते ऐकून मलाच दुसऱ्या कुणाचा तरी शर्ट घातल्यासारखं झालं.

माझ्या गाठीला जे होतं ते घरातून निघताना ऐकलेलं. सावकाश जा. जपून. सांभाळून उतर. पळू नकोस, पडशील. हळू. आपल्याकडे माया करायची म्हणजे समोरच्याचा वेग कमी करायचा. जेवताना सावकाश जेवा, एसटीतून सावकाश उतरा, म्हाताऱ्या माणसाला निरोप देतानाही सावकाश जा. शुभेच्छासुद्धा ब्रेक लावूनच द्यायच्या. मी काही तक्रार करत नाही. ज्या रस्त्यांवर आणि ज्या एसट्यांमधून आम्ही वाढलो तिथे तोच शहाणपणा होता. पण तो शब्द पूप आउटवर चालत नाही.

की चालतो? इथे माझी जरा गफलत होते. कोच इतिहास शिकवतात, वयानं माझ्याहून वीस वर्षांनी लहान, आणि चढाबद्दल त्यांचं म्हणणं ऐकून मी चकित झालो होतो. चढावर जोर लावायचा नाही, म्हणतात. पाऊल आखूड करा, नजर चार पावलांपुढे, हात कंबरेच्या वर, आणि वेग कमी होतोय तो होऊ द्या, श्वासाची लय तेवढी तीच राहू द्या. जोर लावायचा तो माथ्यावर. बहुतेक पोरं माथ्यावर पोचली की मनातून बसतात. चढ संपला, सुटलो. आणि तिथल्या वीस पावलांत माणसं मागे पडतात, चढावर नाही. हे ऐकताना मला अजिंक्यतारा आठवला. शनिवारी-रविवारी आम्ही चढायचो ते वर पोचून बसण्यासाठीच. मंगळाईच्या देवळाशी जाऊन पाय पसरायचे, शेंगदाणे खायचे, खाली साताऱ्याची कौलं बघायची. माथा म्हणजे बसायची जागा, हे आमच्या हाडात आहे. आणि इथे एक पस्तिशीचा माणूस पंधरा वर्षांच्या मुलींना सांगतोय की माथ्यावर बसू नका, ती जागा पळायची आहे.

लेक सहा वर्षांची असताना रिओ ऑलिंपिक होतं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 3000 मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंदांत आली, राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत गेली आणि तिथे दहावी आली. ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीतून ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय बाई 1984च्या उषानंतर तीच. ती आमच्या जिल्ह्यातली, दुष्काळी पट्ट्यातली, हे मी लेकीला पुन्हा पुन्हा सांगत होतो आणि ती म्हणत होती, "बाबा, ही पाण्यात का उडी मारते?" माणमध्ये पाणी नाही आणि ही पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत ऑलिंपिकला गेली, यातली मौज सहा वर्षांच्या मुलीला कशी कळणार. पण त्यानंतर आठवडाभर ती बाथरूमच्या बाहेर पायपुसण्यावरून उड्या मारत होती, हेही खरं.

शर्यत संपल्यावर तंबूत गेलो तेव्हा मला वाटलेलं, वातावरण सुतकी असेल. तसं काहीच नव्हतं. चौथा नंबर कळला होता, दोन गुणही कळले होते. सातवी मुलगी थोडी रडली, पण ती दर शर्यतीनंतर रडते, तो तिचा रिवाज आहे. बाकीच्या सतरंजीवर आडव्या पडून कुणाच्या तरी फोनवर स्वतःचे चढावरचे भयानक फोटो बघून खिदळत होत्या. माझ्या लेकीचा फोटो सगळ्यात भयानक होता आणि तिला त्याचा अभिमान वाटत होता. बायकोनं दिवाळीच्या फराळातला चकलीचा डबा पाठवला होता, तो दोन मिनिटांत रिकामा झाला. तिसऱ्या आलेल्या शाळेच्या दोघी येऊन चकल्या घेऊन गेल्या. मी तोंडदेखला हसलो. मला त्या चकल्या परत मागाव्याशा वाटत होत्या.

पुढच्या शनिवारी रात्री साडेआठला आईला फोन लावला, तिकडे रविवारचे सकाळचे नऊ. आई देवघरातून उठून आली होती, कपाळाला हळदीकुंकू ताजं. तिला निकाल सांगायचा म्हणजे पुन्हा सगळा हिशेब आला. बेरीज कमी ती जिंकली, हे तिला पटेना. "कमी मार्कांनी जिंकतात? बरं आहे, आमच्या वेळी असतं तर." पण पाचवीची गोष्ट तिला एका फटक्यात कळली. "म्हणजे मागे राहिलेलीला घेऊन चालावं लागतं." मी म्हटलं, हो, तसंच. मग लेकीनं फोन माझ्या हातातून घेतला आणि अगदी सरळ विचारलं, "आजी, बाबा म्हणतो तो टेकडीवर 'चल' म्हणाला. मला 'हळू' ऐकू आलं."

आईनं क्षणाचाही वेळ घेतला नाही. "तो? तो हळूच म्हणाला असणार."

"आय न्यू इट," लेक म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आईचं चालूच होतं. "अरे पण चढावर हळू म्हणतात होय? हळू म्हणायचं नसतं, दमानं म्हणायचं. दमानं घे, बाळा. आमची आजी रानातून भारा घेऊन वर यायची, तिला खालून सगळ्या बाया म्हणायच्या, दमानं, दमानं. हळू म्हटलं तर माणूस बसतं."

"दमानं म्हणजे पण हळूच ना?" लेकीनं विचारलं.

"नाही गं."

"मग काय?"

आई विचारात पडली. मी मधे पडलो. म्हटलं, दम म्हणजे श्वास, पण दम लागला म्हणजे श्वास संपला, आणि दम आहे म्हणजे ताकद आहे, दम धर म्हणजे थांब, आणि दम दिला म्हणजे धमकावलं. म्हणजे दमानं म्हणजे श्वास पुरवून, ताकद राखून, पण न थांबता. लेक माझ्याकडे रविवारच्या मराठी शाळेत बघते तसं बघत होती. "सो, हळू," ती म्हणाली. आई तिकडून म्हणाली, "हळू नाही गं बाई, कसं सांगू तुला," आणि मग तिनं हात वर करून, पदर सावरत, बसल्या जागी भारा घेऊन चढणाऱ्या बाईसारखे खांदे हलवून दाखवले, आखूड, एका लयीत, मान न हलवता. लेक स्क्रीनच्या जवळ गेली आणि बघत राहिली. "आजी, परत कर," ती म्हणाली. आईनं परत केलं. लेक मग स्वयंपाकघरात फ्रिजकडे गेली तेव्हा ओट्यापर्यंतची सहा-सात पावलं तिनं तशीच टाकली, खांदे हलवत, आणि फ्रिज उघडून आत डोकं घालून ओरडली, "दही संपलं?"